मल्टिपल स्क्लेरोसिस आणि झाडपाल्याचं औषध

मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे एमएसचं, निदान झालं की घरात एक प्रश्न हमखास निघतो: यावर झाडपाल्याचं काही औषध आहे का? उत्तरं दोन टोकांची मिळतात. हळद, गुळवेल, अश्वगंधा सुरू करा, आजार मुळापासून जाईल, असं कोणी नातेवाईक छातीठोकपणे सांगतो. दवाखान्यात मात्र 'त्या भानगडीत पडू नका' एवढ्यावर विषय संपतो. रुग्ण बहुतेक वेळा विशी ते चाळिशीतला असतो, पुरुषांपेक्षा बायकांचं प्रमाण दुपटीहून अधिक असतं, आणि पुढची तीस-चाळीस वर्षं या आजारासोबत काढायची असतात. अशा माणसाला या दोन्ही उत्तरांनी फारसं काही हाती लागत नाही.

वस्तुस्थिती दोन्ही उत्तरांहून निराळी आहे. आज जगभर दिल्या जाणाऱ्या एमएसच्या औषधांपैकी एकाचा उगम चिनी वैद्यकातल्या एका बुरशीत आहे. दुसऱ्याचं मूळ आम्ल पित्तपापड्याच्या जातभाईत पहिल्यांदा सापडलं. तिसरं औषध थेट गांजाच्या झाडापासून तयार होतं. याच काळात हळद, ग्रीन टी आणि द्राक्षाची साल यांतल्या घटकांनी उंदरांवर कमाल करून दाखवली आणि माणसांपर्यंत येता येता ती कमाल ओसरली. काही झाडांचं औषध झालं आणि काहींच्या फक्त बातम्या झाल्या, हा फरक कशाने पडला, हाच या विषयातला खरा प्रश्न आहे असं मला वाटतं.

आधी आजाराविषयी थोडं. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांमधल्या चेतातंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच या आवरणावर हल्ला करते. संदेश मंदावतात किंवा अडतात, आणि मग दृष्टी धूसर होते, पायांत ताठरपणा येतो, तोल जातो, लघवीवर ताबा राहत नाही, न संपणारा थकवा येतो. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली या आजाराचं नेमकं वर्णन केलं. तो का होतो याचा एक मोठा धागा २०२२ साली हाती लागला. अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की एप्स्टाइन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो. भारतात हा आजार युरोपच्या तुलनेत कमी आहे. तरी डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० साली दाखवून दिलं होतं की मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात तो इतर भारतीयांपेक्षा बराच जास्त आढळतो.

औषधांच्या दाव्यांकडे पाहताना या आजाराचं एक वैशिष्ट्य कायम ध्यानात ठेवावं लागतं. बहुतेक रुग्णांत सुरुवातीची वर्षं आजार झटक्यांनी येतो. काही दिवस किंवा आठवडे त्रास वाढतो आणि नंतर तो बऱ्याच अंशी आपोआप ओसरतो. माणूस नवा काढा सुरू करतो तो त्रास शिगेला असताना. महिनाभराने बरं वाटतं आणि श्रेय काढ्याला जातं. त्या रुग्णाचा अनुभव खरा असतो, त्याला खोटं पाडण्याचं काहीच कारण नाही. पण काढा न घेणाऱ्यालाही महिन्याभरात तसंच बरं वाटलं असतं का, हे त्या एका अनुभवातून कळत नाही. त्यासाठी दुसरा गट लागतो, औषधासारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी लागते आणि दोन-तीन वर्षांचा धीर लागतो.

बुरशीची गोष्ट इथूनच सुरू करू. किड्यांच्या शरीरावर वाढणारी, हिमालयातल्या कीडाजडीच्या कुळातली आयसेरिया सिंक्लेरी ही बुरशी. शास्त्रानुसार ती वनस्पती नव्हे, पण चिनी औषधी परंपरेत अशा बुरशा जडीबुटींच्याच यादीत असतात. जपानमधल्या क्योटो विद्यापीठाच्या तेत्सुरो फुजिता यांच्या गटाने १९९४ साली तिच्यातून प्रतिकारशक्ती दाबणारा एक रेणू वेगळा केला. हा मायरिओसिन प्रभावी होता, पण प्राण्यांना सोसवत नव्हता. फुजितांच्या गटाने मग त्या रेणूची रचना एकेक भाग गाळत सोपी करत नेली. शेवटी हाती आला फिंगोलिमोड, आणि त्याचं काम मूळ रेणूपेक्षा पूर्णपणे वेगळं निघालं. मायरिओसिन पेशींमधलं एक विकर बंद पाडतो. फिंगोलिमोड लिम्फ पेशींना लसिका ग्रंथींमधून बाहेर पडू देत नाही. पेशी मरत नाहीत, मात्र मेंदूपर्यंत पोहोचणाऱ्यांची संख्या घटते.

पुढे १२७२ रुग्णांवर दोन वर्षं चाचणी झाली. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांमध्ये माणशी वर्षाला सरासरी ०.४० झटके आले, फिंगोलिमोड घेणाऱ्यांमध्ये ०.१८. म्हणजे निम्म्याहून कमी. २०१० साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे एमएसचा ओघ बदलणारं पहिलं तोंडावाटे घ्यायचं औषध. त्याआधी सतरा वर्षं रुग्ण इंजेक्शनंच घेत होते. ही गोळी निरुपद्रवी मात्र नाही. पहिल्या मात्रेनंतर हृदयाचे ठोके मंदावू शकतात, त्यामुळे काही तास देखरेखीखाली बसावं लागतं. बुरशीतून निघालेली गोळी म्हणून कोणी कीडाजडी विकत घेऊन खाल्ली तर यातलं काहीच घडणार नाही. फिंगोलिमोड त्या बुरशीत नाही, तो प्रयोगशाळेत घडला.

दुसऱ्या औषधाचा, डायमिथिल फ्युमरेटचा, प्रवास अधिक वळणांचा आहे. फ्युमॅरिक आम्ल प्रथम फ्युमॅरिया या वनस्पतीत ओळखलं गेलं. तिचीच भारतीय जात आयुर्वेदात पर्पट किंवा पित्तपापडा म्हणून वापरली जाते. वाल्टर श्वेकेनडीक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला सोरायसिस होता. त्या आम्लाची संयुगं त्याने स्वतःवरच वापरून पाहिली आणि १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे जर्मनीत ती सोरायसिसवर रीतसर वापरली जाऊ लागली. त्वचेवर प्रतिकारशक्तीचा हल्ला थोपवणारं रसायन चेतातंतूंवरचा हल्लाही थोपवेल का, हा विचार त्यातून आला. एका मोठ्या चाचणीत दोन वर्षांत झटका आलेल्यांचं प्रमाण निष्क्रिय गोळीच्या गटात ४६ टक्के आणि औषधाच्या गटात २७ टक्के राहिलं. २०१३ साली मान्यता मिळाली. चेहरा लाल होऊन भाजल्यासारखं वाटणं आणि पोट बिघडणं हे नेहमीचे त्रास. रक्तातल्या लिम्फ पेशी फार घटल्या तर क्वचित मेंदूचा जीवघेणा संसर्ग होतो, म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं. भारतीय कंपन्या हे औषध बनवतात, त्यामुळे आपल्याकडे ते मूळ ब्रँडच्या तुलनेत खूपच स्वस्त मिळतं. ही या सगळ्या इतिहासातली मला फार मोलाची वाटणारी बाब आहे.

या दोन्ही औषधांत वनस्पती किंवा बुरशी मागे राहिली आणि रेणू पुढे आला. गांजाचं तसं झालं नाही.

१८३९ साली कोलकात्यात विल्यम ब्रूक ओ'शॉनेसी या आयरिश डॉक्टरने भारतीय गांजावर निबंध लिहिला. धनुर्वातातल्या स्नायूंच्या भयंकर आकड्या गांजाच्या अर्काने सैल पडतात, हे त्याने रुग्णांवर पाहिलं होतं. पाश्चात्त्य वैद्यकात गांजा शिरला तो मुख्यतः या मार्गाने, आणि त्यामागे इथल्या हकीम-वैद्यांकडचं ज्ञान होतं. पुढे कायदे कडक झाले, संशोधन थंडावलं. पण एमएसचे रुग्ण चोरून गांजा ओढत राहिले आणि पायांचा ताठरपणा कमी होतो असं सांगत राहिले. २००० साली ब्रिटिश संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवलं की गांजातली द्रव्यं ताठरपणा आणि कंप खरोखरच आवरतात.

मग ब्रिटनने सरकारी पैशातून मोठी चाचणी केली. २००३ साली निकाल आला. सहाशेहून अधिक रुग्ण, पंधरा आठवडे. डॉक्टरांनी हातपाय वाकवून, ठरलेल्या मोजपट्टीवर मोजलेला ताठरपणा कमी झाला नव्हता. रुग्ण मात्र म्हणत होते की ताठरपणा आणि वेदना कमी झाल्या, झोप सुधारली. कोणाचं खरं धरायचं? माझ्या मते इथे रुग्णाच्या बाजूला जास्त वजन द्यायला हवं, कारण ती मोजपट्टी मुळातच ढोबळ आहे आणि रात्री पायात गोळे येऊन जागं राहणं तिच्यावर उमटतच नाही. पण गांजा घेतल्याचं रुग्णाला डोक्यात कळतं, त्यामुळे 'कोणती गोळी मिळाली ते ठाऊक नाही' ही चाचणीची अटच मोडते, हा आक्षेपही तितकाच खरा आहे.

नंतरच्या संशोधकांनी त्यावर वाट काढली. गांजातली टीएचसी आणि सीबीडी ही दोन द्रव्यं साधारण सारख्या प्रमाणात असलेला तोंडात मारायचा फवारा आधी सगळ्यांना चार आठवडे द्यायचा, ज्यांना स्पष्ट फायदा होतो तेवढेच निवडायचे आणि पुढची तुलना फक्त त्यांच्यात करायची. अशा चाचणीत ५७२ पैकी २७२ जणांना सुरुवातीला फायदा दिसला, आणि त्यांच्यापैकी ज्यांना पुढे खरा फवारा मिळत राहिला त्यांचा फायदा टिकला. ब्रिटनने हा फवारा २०१० साली मान्य केला. तिथली पद्धतही तशीच आहे: चार आठवडे देऊन पाहायचं, उपयोग नसेल तर थांबवायचं.

तरी गांजा आजार थांबवतो का, हा प्रश्न उरलाच होता. उंदरांत तो चेतातंतू वाचवतो असं दिसलं होतं. ब्रिटनमध्ये हळूहळू वाढत जाणाऱ्या एमएसच्या ४९३ रुग्णांना तीन वर्षं टीएचसी किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. २०१३ सालचा निकाल स्पष्ट होता. अपंगत्व वाढण्याचा वेग दोन्ही गटांत सारखाच राहिला. गांजा लक्षण हलकं करतो, आजाराची चाल बदलत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर वनस्पतिजन्य औषधांवरचे निम्मे वाद मिटतील.

उंदरांचा मुद्दा पुन्हा पुन्हा येतोय, त्यामुळे त्याबद्दल सविस्तर बोलायला हवं. प्राण्यांत एमएससारखा आजार घडवण्याची पद्धत १९३३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्स यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून सुरू झाली. आज उंदराला मायलिनचा अंश टोचून त्याची प्रतिकारशक्ती भडकवतात. पद्धत निरुपयोगी नाही. नॅटालिझुमॅबसारखं जोरकस औषध याच वाटेने आलं. मात्र उंदराला आजार कधी होणार हे संशोधकाला आधीच ठाऊक असतं आणि बऱ्याच प्रयोगांत औषध आजार सुरू होण्याआधी किंवा सुरू होतानाच दिलं जातं. माणूस दवाखान्यात येतो तेव्हा त्याच्या मेंदूत कित्येक महिने-वर्षांचे डाग पडलेले असतात. १९९९ साली तर उंदराला वाचवणाऱ्या एका औषधाने, लेनरसेप्टने, रुग्णांमधले झटके उलट वाढवले होते.

ग्रीन टीचं उदाहरण मला सर्वांत बोधप्रद वाटतं, कारण तिथे संशोधकांनी प्रश्न अर्ध्यावर सोडला नाही. चहातला ईजीसीजी हा घटक उंदरांचा आजार दाबतो, हे बर्लिनच्या गटाने २००४ साली दाखवलं. मग त्यांनी माणसांवर दोन चाचण्या केल्या. झटक्यांच्या एमएसमध्ये १२२ रुग्ण, दीड वर्ष, रोज ८०० मिलिग्रॅमपर्यंत. वाढत्या एमएसमध्ये ६१ रुग्ण, तीन वर्षं, १२०० मिलिग्रॅमपर्यंत. दोन्हींत एमआरआयवर काही फरक पडला नाही, आणि २०२१ साली त्यांनी तसं छापलं. अमेरिकेत चहाच्याच अर्कावरची आणखी एक चाचणी लवकर थांबवावी लागली, कारण अर्क घेणाऱ्या सात जणांपैकी पाच जणांच्या यकृताच्या तपासण्या बिघडल्या होत्या. प्यायचा चहा वेगळा आणि गोळीत कोंबलेला अर्क वेगळा. द्राक्षातल्या रेस्व्हेराट्रॉलने २०१३ साली उंदरांमध्येच आजार वाढवल्याचं दिसलं. स्मरणशक्तीसाठी गिंकोची गोळी १२ आठवडे देऊन पाहिली, उपयोग झाला नाही. सूर्यफुलाच्या तेलाने झटके सौम्य होतात असं १९७३ सालच्या लंडन-बेलफास्टच्या चाचणीत दिसलं होतं, ते पुढच्या चाचण्यांत पक्कं ठरलं नाही.

हळदीवर आपला जीव असतो, म्हणून तिच्याविषयी स्पष्ट लिहितो. कर्क्युमिन उंदरांतला आजार दाबतो हे २००२ साली दिसलं. पण हळदीत कर्क्युमिन वजनाच्या साधारण तीन टक्के असतं आणि पोटातून ते रक्तात जवळजवळ पोहोचतच नाही. यकृत त्याची लगेच विल्हेवाट लावतं. शिवाय प्रयोगशाळेच्या बशीत ते जवळजवळ प्रत्येक प्रथिनावर परिणाम दाखवतं, त्यामुळे त्याच्या चाचण्या फसव्या निघतात, असा इशारा औषधरसायनशास्त्रज्ञांनी २०१७ साली दिला. इटलीत ८० रुग्णांना इंटरफेरॉन या एमएसच्या इंजेक्शनच्या जोडीला ते दोन वर्षं देऊन पाहिलं, आणि त्यातूनही ठाम फायदा पुढे आला नाही. शोषण वाढावं म्हणून मिरीचा अर्क घातलेल्या गोळ्या बाजारात आल्या, त्यांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणंही नोंदली गेली. भाजी-आमटीतली हळद निर्धास्त खावी. गोळ्यांवर पैसे घालण्याला मात्र सध्या आधार नाही.

आपल्या भागाशी जोडलेली दोन नावं या यादीत आहेत आणि त्यांच्याबद्दल मला खरी उत्सुकता आहे. पहिलं सालई. मेळघाट-सातपुड्याच्या कोरड्या जंगलांतलं हे झाड, त्याच्या डिंकात बॉस्वेलिक आम्लं असतात. जर्मनीत हॅम्बुर्गच्या गटाने या डिंकाचा प्रमाणित अर्क झटक्यांच्या एमएसच्या रुग्णांना आठ महिने दिला. २०१८ साली निष्कर्ष आले. पूर्ण कालावधी संपवलेल्या २८ जणांत एमआरआयवर दिसणाऱ्या ताज्या सुजेच्या डागांची संख्या निम्म्यावर आली. चाचणीत तुलनेचा गट नव्हता. औषधाआधीचे महिने आणि नंतरचे महिने एवढीच तुलना, आणि हा आजार आपोआपही शांत होतो हे वर आलंच आहे. पण एमआरआयवरचा बदल रुग्णाच्या मनावर अवलंबून नसतो, म्हणून हा निष्कर्ष दुर्लक्षून चालणार नाही.

दुसरं किराईत. कोकणात आणि गोव्यात तापावर दिली जाणारी ही कमालीची कडू वनस्पती. तिच्यातला अँड्रोग्राफोलाइड चिलीतल्या डॉक्टरांनी दोनदा तपासला. इंटरफेरॉन घेणाऱ्या २५ जणांच्या छोट्या चाचणीत वर्षभरात थकवा कमी झाल्याचं दिसलं. वाढत्या एमएसच्या ४४ रुग्णांना दोन वर्षं दिल्यावर मेंदू आक्रसण्याचा वेग औषधाच्या गटात कमी वाटला, पण फरक योगायोगाच्या पलीकडचा म्हणावा इतका नव्हता, आणि अंगावर पुरळ उठण्याचं प्रमाण जास्त होतं. झाडं आपल्याकडची, नावं आपल्या तोंडातली, आणि चाचण्या हॅम्बुर्ग आणि चिलीत, याची मला खंत वाटते. झाडाच्या अर्कावर पक्कं पेटंट मिळवणं अवघड असल्याने कंपन्या अशा चाचण्यांवर मोठा खर्च करत नाहीत. गांजाच्या मोठ्या ब्रिटिश चाचण्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पैशावर उभ्या राहिल्या. सालईसाठीही तसाच सार्वजनिक पैसा लागेल.

'प्रतिकारशक्ती वाढवणारी' वनस्पती एमएसच्या रुग्णाला सुचवणाऱ्यांनी एक क्षण थांबावं. हा आजार प्रतिकारशक्ती कमी पडल्याने होत नाही, ती आपल्याच शरीरावर उलटल्याने होतो. कोविडच्या साथीत गुळवेलीचा वापर अफाट वाढला. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यावर त्यांच्या यकृताला प्रतिकारशक्तीच्याच हल्ल्यासारखी इजा झाली होती, आणि काहींना आधीपासून स्वप्रतिकारक आजार होते. आयुष मंत्रालयाने गुळवेलीशी लावलेला संबंध नाकारला. नंतर भारतातल्या अनेक केंद्रांनी मिळून अशा आणखी रुग्णांची नोंद केली. एमएसच्या काही औषधांत, विशेषतः टेरिफ्लुनोमाइडमध्ये, यकृतावर आधीच लक्ष ठेवावं लागतं. त्यात न सांगता घेतलेला काढा मिसळला तर तपासणी कशामुळे बिघडली हे डॉक्टरला कळणारच नाही. रुग्ण सांगत नाहीत, कारण सांगितलं की ओरडा बसतो. तो ओरडा थांबवणं डॉक्टरांच्या हातात आहे.

नव्या रेणूंचा शोध चालूच आहे. १९६०च्या दशकात काँगोत काम करणारे नॉर्वेचे डॉक्टर लोरेंट्स ग्रान यांनी पाहिलं की बाळंतपण लवकर व्हावं म्हणून तिथल्या बायका एका वनस्पतीचा काढा पितात. त्यातलं प्रथिन उकळूनही टिकत होतं. त्याची रचना १९९५ साली उलगडली: २९ अमिनो आम्लांची टोकं जुळलेली कडी, आतून तीन बंधांनी गाठ बांधलेली. प्रथिनं पोटात पचून जातात, हे टिकून राहतं. व्हिएन्नातल्या गटाने त्यात एक छोटा बदल करून ते तोंडावाटे दिलं आणि उंदरांमधला आजार आटोक्यात आल्याचं २०१६ साली दाखवलं. माणसांसाठी हे औषध अजून झालेलं नाही.

मला सध्या सर्वांत जवळची वाटणारी चाचणी ब्रिटनमध्ये सुरू आहे. आज मिळणारी बहुतेक औषधं झटके रोखतात, पण वर्षानुवर्षं हळूहळू चालणं हिरावून घेणाऱ्या एमएसवर ती तोकडी पडतात. त्यासाठी मायलिन पुन्हा बनवायला हवं. ते बनवणाऱ्या मूळ पेशी वयानुसार मंदावतात, आणि केंब्रिजच्या संशोधकांनी २०१९ साली म्हाताऱ्या उंदरांमध्ये, म्हणजे रॅट जातीच्या, मेटफॉर्मिनने त्या पेशी पुन्हा कामाला लागल्याचं दाखवलं. मधुमेहामुळे मेटफॉर्मिनची गोळी आपल्याकडे घरोघरी आहे, पण ती गलेगा या युरोपीय रानवनस्पतीतल्या गॅलेजिन नावाच्या द्रव्याच्या धाग्यावरून आली, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. गॅलेजिन स्वतः विषारी. ती वनस्पती खाऊन मेंढ्या मरतात. १९२२ साली त्याच कुळातला मेटफॉर्मिन प्रयोगशाळेत बनला आणि १९५७ साली पॅरिसमध्ये ज्याँ स्टर्न यांनी तो मधुमेहींना दिला. २०२३ साली सुरू झालेल्या 'ऑक्टोपस' या चाचणीत वाढत्या एमएसचे रुग्ण मेटफॉर्मिन, अल्फा लिपॉइक आम्ल किंवा निष्क्रिय गोळी घेत आहेत. आधी एमआरआयवर मेंदू आक्रसण्याचा वेग पाहिला जाईल. त्यात जे औषध निकामी ठरेल ते वगळलं जाईल, त्याच्या जागी नवं घेता येईल, आणि जे टिकेल त्याची परीक्षा रुग्णांच्या रोजच्या हालचालींवर पुढची काही वर्षं चालू राहील. त्या परीक्षेत मेटफॉर्मिन यशस्वी ठरलं, तर ती गोळी मेळघाटातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही आजच ठेवलेली आहे.